फ्रेम कितीची घ्यावी?

राजूरचं नाव काढलं की वणी तालुक्यात आधी कोळसा आठवतो, मग चुनाभट्ट्या. गावाला अजूनही बरेच जण ‘राजूर कॉलरी’ म्हणतात. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स आली आणि या पट्ट्यातले रस्ते ट्रकांचे झाले. काठ तुटलेलं डांबर, त्यावर बारीक काळी भुकटी आणि डांबर सोडलं की पावसाळ्यात चाकाला लोळ्यांनी चिकटणारी काळी माती. रोड बाइकच्या जाहिरातीत असला रस्ता कधी दिसत नाही. पण सायकल चालवायची ती याच रस्त्यावर, आणि फ्रेमचा विचारही इथूनच सुरू करावा लागतो.

पूर्वी हा विचार करावाच लागत नसे. काळी सायकल दोनच मापांत मिळायची, बावीस इंची आणि चोवीस इंची. तो आकडा म्हणजे क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, एक्सलपासून सीटच्या नळीच्या टोकापर्यंतची लांबी. बुटक्याने बावीस घ्यायची, उंचाने चोवीस, आणि पोरांनी त्याच सायकलच्या त्रिकोणातून पाय घालून कैची मारायची. दोन मापांत सगळा गाव भागायचा, कारण त्या सायकलवर माणूस सरळ ताठ बसतो. सीटची नळी चांगली मागे कललेली, हँडल उंच आणि अंगाकडे वळलेलं. वजन जवळजवळ सगळं सीटवर. हातांवर भार नसल्यामुळे हँडल दोन बोटं इकडेतिकडे झालं तरी अंग कुरकुरत नाही.

रोड बाइकवर पाठ पुढे झुकते आणि शरीराचा भार सीट, पायडल आणि हँडल अशा तीन ठिकाणी वाटला जातो. इथे एक सेंटीमीटरचा फरकही चौथ्या तासाला मनगटाला कळतो. ही चैनीची तक्रार नव्हे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जवळपास ४८०० किलोमीटरची आहे. तिच्यात मानेचे स्नायू इतके थकतात की काही स्वारांना डोकं वर उचलताच येत नाही. १९८३ मध्ये मायकल शर्मर या स्वाराला हे झालं आणि त्या दुखण्याला त्याचंच नाव चिकटलं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने ही शर्यत पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरच्या वरची सैबेरियातली शर्यतही मारली. विदर्भात रोड बाइकची हौस वाढायला अशी माणसं कारण झाली. आज वणी-वरोऱ्याकडचा एखादा तरुण दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेचं बोलतो, म्हणजे साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर. तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न असतो तो हाच: फ्रेम कितीची?

दुकानदार उंची विचारतो आणि ‘चोपन्न’ म्हणून मोकळा होतो. गोंधळ या चोपन्नमध्येच आहे. जुन्या पोलादी फ्रेमला आडवी नळी जमिनीशी समांतर असायची आणि सीटच्या नळीची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजली की फ्रेमचं माप कळायचं. १९९० च्या दशकात जायंट कंपनीने, माइक बरोज या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेवर, मागे उतरती आडवी नळी असलेल्या रोड फ्रेम आणल्या. मग सीटची नळी आखूड झाली, सीटपोस्ट लांब बाहेर दिसू लागला, आणि जुना आकडा मोजायला खरी जागाच उरली नाही. आकडा मात्र टिकला. आज तो रेडिमेड शर्टाच्या कॉलरवरच्या नंबरासारखा आहे: दोन कंपन्यांचा ४० नंबर एकाच माणसाला एकीकडे ढगळ तर दुसरीकडे घट्ट होतो.

म्हणून नंबर सोडा आणि कंपनीच्या तक्त्यात दोन रकाने शोधा, स्टॅक आणि रीच. क्रँकचा एक्सल ज्या कवचात फिरतो त्याला बीबी म्हणतात. बीबीच्या मध्यापासून सरळ वर रेघ काढली आणि हेड ट्यूबच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या चिमट्याची दांडी जिच्यातून जाते त्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उंची मोजली की तो स्टॅक. त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. शर्यतीच्या धाटणीच्या चोपन्न नंबरच्या फ्रेमचा स्टॅक साधारण ५४५ मिलिमीटर आणि रीच ३८५ च्या आसपास असतो. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या चोपन्नचा स्टॅक ५७५ आणि रीच ३७५. दोन्हींवर ५४ लिहिलेलं, पण एक हँडल तीन सेंटीमीटर खाली आणि एक सेंटीमीटर पुढे.

तक्त्यात आडव्या नळीची लांबीही दिलेली असते आणि बरेच जण तिच्यावरच निर्णय घेतात. ती फसवते. सीटची नळी ७३ ऐवजी ७४ अंशांत उभी केली, तर आडव्या नळीची लांबी तीच राहूनही रीच सुमारे एक सेंटीमीटरने वाढतो. सीटच्या नळीचा कोन कितीही असला तरी सीट तिच्या रुळांवर मागेपुढे सरकवता येते. रीच सरकवता येत नाही.

फ्रेम निवडायची खरी कसोटी इथे आहे. नंतर काय बदलता येतं आणि काय येत नाही? सीटची उंची बदलते, हँडलची रुंदी बदलते, हँडलला चिमट्याच्या दांडीशी जोडणारा स्टेम बदलतो, क्रँक बदलतो, चाकं बदलतात. स्टॅक, रीच, टायरला फ्रेममध्ये मिळणारी जागा आणि बीबीच्या कवचाचा प्रकार, या चार गोष्टी फ्रेमसोबत कायमच्या येतात. डोकं लावायचं ते या चार गोष्टींवर.

आता माप. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांत वीतभर अंतर. एक जाडसर पुठ्ठ्याचं पुस्तक, बांधणीची बाजू वर करून, दोन पायांमधून वर ओढायचं. सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा येईपर्यंत, थोडं नकोसं वाटेपर्यंत. पुस्तकाची कडा भिंतीला काटकोनात टेकवायची आणि दुसऱ्याने पेन्सिलीने खूण करायची. जमिनीपासून खुणेपर्यंत ही पायाची आतली लांबी. शिंप्याने पँटसाठी घेतलेलं आतलं माप इथे चालत नाही, ते तीन-चार सेंटीमीटर कमी भरतं.

समजा ते ८० सेंटीमीटर आलं. फ्रान्समधले प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या हाताखाली तयार झालेल्या ग्रेग लेमाँड या अमेरिकी स्वाराने ज्या गुणाकाराला प्रसिद्धी दिली, तो ०.८८३ चा. बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटीमीटर. इंग्लंडमध्ये हॅम्ली आणि थॉमस यांनी १९६७ मध्ये प्रयोग करून वेगळी पद्धत मांडली होती. पायडल खालच्या टोकाला असताना त्याच्या एक्सलपासून सीटपर्यंतचं अंतर पायाच्या लांबीच्या १०९ टक्के असावं. ८० चे १०९ टक्के ८७.२, त्यातून १७ सेंटीमीटरचा क्रँक वजा केला की ७०.२. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरं चार मिलिमीटरच्या फरकाने जुळतात. म्हणून सुरुवातीला यातलं कुठलंही घेतलं तरी चालतं. नंतर गुडघ्याचं ऐकायचं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून ताणला तर वर.

आपल्याकडे इथे एक जुनी सवय आडवी येते. काळ्या सायकलवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, असं सगळ्यांच्या हाडात बसलेलं आहे. रोड बाइकवर सीट योग्य उंचीला असेल तर बसल्या जागी फार तर एका पायाचा चवडा टेकतो. थांबायचं तर सीटवरून पुढे उतरायचं. पाय टेकत नाहीत म्हणून लहान फ्रेम मागणारी माणसं दुकानात नेहमी दिसतात, आणि दुकानदारही त्यांना नाही म्हणत नाही.

सीटची उंची ठरली, पण तिने फ्रेम ठरत नाही, कारण सीटपोस्ट दहा-बारा सेंटीमीटर वरखाली होतो. फ्रेम ठरते हँडलच्या जागेवरून. राजूरहून रोड बाइक बसून बघायची तर नागपूरसारखं शहर गाठावं लागतं, आणि तिथेही आपल्या मापाची फ्रेम उभी असेलच असं नाही. पण एखाद्या मित्राची सायकल दोन-तीन तास चालवून अंगाला बरी वाटली असेल, तर तिचं माप घरीच काढता येतं. सपाट फरशीवर सायकल उभी करायची, पुढचं चाक भिंतीला टेकवून. भिंतीपासून बीबीच्या मध्यापर्यंत मोजायचं, मग भिंतीपासून हँडलच्या मध्यापर्यंत. दोन्हींची वजाबाकी म्हणजे हँडल बीबीच्या किती पुढे आहे ते. तसंच जमिनीपासून दोन्हींची उंची. गवंड्याचा ओळंबा मिळाला तर काम अधिक नेमकं होतं.

समजा हँडल बीबीच्या ६६० मिलिमीटर वर आणि ४५५ पुढे निघालं. त्यावर १०० मिलिमीटरचा, किंचित वर चढणारा नेहमीचा स्टेम आहे आणि खाली झाकणासकट साडेतीन सेंटीमीटरचे स्पेसर, म्हणजे दांडीवरच्या कड्या. या सगळ्याचा वाटा वजा केला की फ्रेमचा स्टॅक ५९० च्या आसपास आणि रीच ३७५ च्या आसपास येतो. आता शर्यतीची ५४५ स्टॅकची फ्रेम आणून हँडल त्याच जागी न्यायचं म्हटलं, तर आणखी साडेचार सेंटीमीटर स्पेसर लागतील. चिमट्याची दांडी कार्बनची असेल तर स्टेमखाली एकूण तीन-चार सेंटीमीटरपेक्षा जास्त स्पेसर घालायला बहुतेक कंपन्या मनाई करतात. शिवाय हेड ट्यूब मागे कललेली असल्यामुळे दर दहा मिलिमीटर स्पेसरमागे हँडल तीन मिलिमीटर मागे येतं. सहा अंशांचा स्टेम उलटा करून लावला तर हँडल साधारण दोन सेंटीमीटर उचलतं, बस. ती फ्रेम या माणसाची नव्हे, मग तिच्यावर कितीही सवलत असो.

उंची कमी असलेल्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी, आणखी एक गोष्ट. ४८-५० च्या फ्रेममध्येही चाक तेच ७०० चं असतं, त्यामुळे वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला लागू शकतं. वेगात हा त्रास होत नाही, कारण वेगात हँडल इतकं वळतच नाही. पण खड्डे चुकवत हळू जाताना होतो आणि आपल्याकडे तेच जास्त. क्रँक १७० ऐवजी १६५ चा घेतला तर थोडी सुटका होते.

आता टायर. जुन्या शर्यतीच्या फ्रेममध्ये २५ मिलिमीटरच्या वर टायर जात नसे. राजूर-वणीच्या रस्त्यावर माझ्या मते ३२ ची जागा नसेल तर फ्रेम बघूच नये. सत्तर किलोच्या माणसाला ३२ च्या टायरमध्ये साठ-पासष्ट पौंड हवा पुरते. रुंद टायर कमी हवेवर चालतो, खड्डा स्वतः गिळतो आणि ट्यूब रिंगवर चिमटून पंक्चर होत नाही. आणि टायर व फ्रेम यांच्यात बोटभर फट असेल तर काळी माती चाक जाम करत नाही.

टायरवरून एक सावधगिरीचा इशारा. काळ्या सायकलच्या टायरलाही आपल्याकडे ‘अठ्ठावीस’ म्हणतात आणि रोड बाइकचं ७०० चं चाकही अठ्ठावीस इंची म्हणूनच ओळखलं जातं. पण काळ्या सायकलची रिंग ६३५ मिलिमीटरची असते आणि रोड बाइकची ६२२ ची. गावातल्या दुकानातला टायर बसणार नाही. तिथल्या ट्यूबचा जाड वॉल्व्हही रोड बाइकच्या रिंगच्या बारीक भोकातून जाणार नाही. दोन ट्यूब आणि छोटा पंप सोबत हवाच.

बीबीच्या कवचाबद्दल कुणी फारसं विचारत नाही. ते दोन प्रकारचं असतं. एकात आटे असतात आणि कटोऱ्या पिळून बसवतात. दुसऱ्यात बेअरिंग नुसतं दाबून बसवतात. दाबून बसवलेलं जरासं वजन वाचवतं, पण त्यात धूळ शिरली की दर पायडलला कटकट आवाज सुरू होतो, आणि काढायला खास अवजार लागतं. कोळशाच्या भुकटीच्या प्रदेशात आट्याचंच घ्यावं. ते कटोरीच्या खाचांत बसणाऱ्या पान्याने उघडतं, कुठलाही जुना मिस्त्री ते उघडू शकतो. फक्त त्याला आठवण करून द्यायची की उजवी कटोरी उलट्या आट्याची आहे. पायडल मारताना बेअरिंग ज्या दिशेला गडगडतं, तिच्या उलट दिशेला कटोरी हळूहळू सरकू पाहते. उजवीकडे सरळ आटे असते तर ती चालता चालता सैल झाली असती.

कशाची फ्रेम? कार्बनचा मोह सगळ्यांना होतो. कार्बन हलकं आहे, धक्के पचवतं, पण दगडावर आदळलं तर आतली चीर बाहेरून दिसत नाही. अॅल्युमिनियम स्वस्त आणि टिकाऊ, मात्र तुटलं की फेकायचं, कारण वेल्डिंगनंतर त्याला पुन्हा भट्टीत तापवून कडक करावं लागतं. पोलाद जड, पण पितळेच्या सळईने गॅसवर जोडणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडतो. आणि बांबू आहे. पुण्यात शशिशेखर पाठक या हवाई दलातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने बांबूच्या सायकली बनवल्या. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला तर सरकारचं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रच आहे, राजूरपासून फार लांब नाही. बांबूच्या फ्रेमला साचा लागत नाही. नळ्या हव्या त्या लांबीला कापायच्या, सांधे इपॉक्सीत भिजवलेल्या तंतूंनी गुंडाळायचे, बीबी आणि हेड ट्यूबसाठी धातूची कवचं आत बसवायची. म्हणजे प्रत्येक फ्रेम मालकाच्या मापाची होऊ शकते. बांबू पट्ट्यातल्या एखाद्या कारागिराने हे मनावर घ्यावं असं फार वाटतं. बांबू भुंगेऱ्यापासून वाचवायची प्रक्रिया तिथल्या कारागिरांना येतेच.

फ्रेम घरी आली की जोडणीत एकाच ठिकाणी घाई नडते, आणि ते ठिकाण म्हणजे चिमट्याची दांडी. ती लांब येते आणि आपल्याला कापावी लागते. पहिले दोन-तीन महिने कापूच नका. जास्तीचे स्पेसर स्टेमच्या वर चढवा, सायकल चालवा, हँडल वरखाली करून बघा, आणि अंगाने होकार दिला की मगच कापा. कार्बनची दांडी असेल तर बारीक दात्यांचं पातं, खुणेवर चिकटपट्टी, तोंडाला मास्क आणि कापताना थोडं पाणी, कारण ती भुकटी फुप्फुसात जाता कामा नये. दांडीचं टोक वरच्या स्पेसरच्या दोन-तीन मिलिमीटर खाली राहिलं पाहिजे, नाहीतर वरचं झाकण दांडीलाच टेकतं आणि बेअरिंग आवळलं जात नाही.

आवळण्याचाही क्रम आहे. आधी स्टेमचे बोल्ट सैल ठेवून वरचं झाकण हळूहळू पिळायचं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची. हेड ट्यूबपाशी टकटक जाणवली तर अजून थोडं पिळायचं, हँडल वळायला जड झालं तर थोडं सोडायचं. ते जमल्यावरच स्टेमचे बोल्ट, बहुधा ५ न्यूटन-मीटरने, टॉर्क पान्यानेच. हाताच्या अंदाजाने आवळलेली कार्बनची दांडी पिचते. कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस लावायचं नाही, त्याची वेगळी खरखरीत पेस्ट मिळते. उलट पोलादी फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर ग्रीस हवंच. नाहीतर दोन पावसाळ्यांत तो असा धरतो की फ्रेमसकट भंगारात जातो.

चेनला इथे जाड तेल नको. कोळशाची आणि चुन्याची भुकटी तेलात मिसळून दात घासून काढणारी लापशी तयार होते. मेणाचं किंवा कोरडं वंगण, आणि दर शंभर मिलिमीटरला अर्धा मिलिमीटर ताण दिसला की नवी चेन. ही बचत करणारे मागच्या दातेरी चक्र्यांचा अख्खा कॅसेट बदलतात.

फ्रेम घ्यायला निघाल तेव्हा एका कागदावर पायाची आतली लांबी, भिंतीला टेकवून मोजलेली हँडलची दोन अंतरं आणि ‘टायर ३२, बीबी आट्याचा’ एवढं लिहून न्या. दुकानदाराने फक्त उंची विचारून फ्रेम पुढे केली, तर तिचा स्टॅक आणि रीच विचारा. त्याला ते सांगता आले नाहीत, तर तक्ता दाखवेपर्यंत पैसे देऊ नका.